वॅट सगळ्यात शेवटी: गिटार आणि कार्यक्रमांसाठी स्पीकर कसा निवडावा, कसा टिकवावा

दुकानात जायच्या आधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा. कुठे वाजवणार, समोर किती माणसं असणार, आणि स्पीकरचा बॉक्स तिथपर्यंत न्यायचा कसा. या तीन ओळी लिहून झाल्या की निम्मी निवड झालेली असते.

मी सोळा वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो आणि छोट्या कार्यक्रमांचा साउंडही सांभाळतो. राहतो गिरगावात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नवीन पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘दादा, किती वॅटचा घेऊ?’ या एका प्रश्नापायी पैसे वाया गेलेले मी बरेच पाहिलेत. स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे तो किती ताकद सोसू शकतो, एवढंच. तो किती मोठ्याने वाजेल आणि कसा वाजेल, हे वॅटवरून कळत नाही. म्हणून या लेखात वॅट मुद्दाम मागे ठेवलाय.

पायरी पहिली: कोणत्या जातीचा स्पीकर हवाय?

इलेक्ट्रिक गिटारचा स्पीकर आणि कार्यक्रमाचा पीए (पब्लिक अ‍ॅड्रेस, म्हणजे लोकांपर्यंत आवाज पोचवणारा) स्पीकर या दोन वेगळ्या जाती आहेत. दिसायला दोन्ही बारा इंची, काळे, कागदी कोनचे (कोन म्हणजे पुढचा हलणारा शंकू). पण गिटारचा स्पीकर साधारण ७०-८० हर्ट्झपासून ५,००० हर्ट्झपर्यंतच (आकडा जेवढा मोठा, सूर तेवढा वरचा) नीट वाजतो, त्यापुढे आवाज झपाट्याने खाली येतो. हा दोष नाही, तो तसाच घडवलेला असतो. ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शनमधून (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणाऱ्या इफेक्टमधून) निघणारी वरची किरकिर तो कापून टाकतो आणि मधल्या पट्टीत स्वतःचा रंग भरतो. गिटारचा स्पीकर हा वाद्याचाच भाग असतो, जसा तबल्याला तबल्याचा पुडा.

पीए स्पीकरचं काम उलटं. जे आत येईल ते आहे तसं बाहेर काढायचं. त्यात खाली बारा किंवा पंधरा इंची वूफर आणि वर हॉर्नमागे कॉम्प्रेशन ड्रायव्हर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) असतो, त्यामुळे तो १५-१८ हजार हर्ट्झपर्यंत जातो. डिस्टॉर्शनचा पेडल थेट मिक्सरला लावून अशा स्पीकरवर वाजवून बघा, काचेच्या बाटलीत गांधीलमाशी अडकल्यासारखा आवाज येईल. पेडलचा त्यात दोष नसतो, मधला गिटार स्पीकर गायब असतो. मल्टिइफेक्टमध्ये (अनेक इफेक्ट एकत्र असलेल्या पेडलमध्ये) कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे गिटार स्पीकरच्या आवाजाची नक्कल, असेल तर ते चालू करा, मग पीएवर गिटार गिटारसारखी वाजते.

यावरून पुढचं सरळ ठरतं. इलेक्ट्रिक गिटारला गिटारचाच स्पीकर. पिकअपवाली अकूस्टिक गिटार, कीबोर्ड आणि गळा यांना पीएचा स्पीकर. मॉडेलर (अ‍ॅम्प आणि स्पीकरची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) वापरत असाल तर तोही पीएच्याच जातीवर. बेस गिटारला बेसचा. बेसची सर्वात खालची तार ४१ हर्ट्झला वाजते आणि गिटारची ८२ ला, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. गिटारच्या स्पीकरवर बेस जोरात वाजवला तर कोन त्याच्या मर्यादेबाहेर धक्के खातो आणि त्याला चिकटलेली तारेची कॉइल आत आपटते. ‘जरा वेळच वाजवतो’ म्हणून मागणाऱ्यालाही मी देत नाही.

आपल्या मुंबईची बेंजो पार्टी, म्हणजे मिरवणुकीत बेंजो वाजवणारा ताफा, ऐकली असेल तर हॉर्नचं, म्हणजे भोंग्याचं काम तुम्हाला कानाने माहीत आहे. भोंगा मधली पट्टी लांबवर फेकतो, म्हणून गर्दीतही बेंजोची सुरावट ओळखू येते. त्याच भोंग्यातून खालचे सूर मात्र येत नाहीत. प्रत्येक स्पीकर काहीतरी देण्यासाठी काहीतरी सोडतो, आणि आपण निवड करतो ती नेमकी याचीच.

पायरी दुसरी: सेन्सिटिव्हिटी वाचायला शिका

स्पीकरच्या कागदावर वॅटच्या बाजूला एक आकडा असतो, तो बहुतेकजण वाचतच नाहीत. ९७ डीबी, १०० डीबी असा (डीबी हे आवाज मोजायचं माप). एक वॅट दिला आणि एक मीटरवर मोजलं तर किती आवाज येतो, ते हा आकडा सांगतो. हाच खरा आकडा.

एक जोडी घेऊ. सेलेस्टियनचा जी१२टी-७५ हा ७५ वॅटचा, सेन्सिटिव्हिटी ९७ डीबी. त्याच कंपनीचा व्हिन्टेज ३० हा ६० वॅटचा, सेन्सिटिव्हिटी १०० डीबी. वॅट पाहून घेणारा पहिला उचलेल. पण त्याच अ‍ॅम्पवर, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या यंत्रावर, नॉब त्याच जागी ठेवून, दुसरा ३ डीबीने मोठा वाजेल. अ‍ॅम्पची ताकद दुप्पट केली की ३ डीबी वाढतात. म्हणजे ३० वॅटच्या अ‍ॅम्पला व्हिन्टेज ३० लावणं हे जी१२टी-७५ ला ६० वॅटचा अ‍ॅम्प लावण्यासारखं झालं. स्पीकर बदलून अ‍ॅम्प दुप्पट होतो, तोही वजन न वाढता.

तीन हिशेब पाठ करून ठेवा, पुढे कायम उपयोगी पडतात. ताकद दुप्पट केली तर अधिक ३ डीबी. ताकद दहापट केली तर अधिक १० डीबी, आणि कानाला साधारण १० डीबी वाढले की आवाज दुप्पट वाटतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की वजा ६ डीबी. आता चाळीच्या पटांगणातला छोटा कार्यक्रम धरा. पीएचा टॉप (स्टँडवर लावायचा मुख्य बॉक्स) ९७ डीबीचा आहे आणि त्याला २५० वॅट दिले. ९७ मध्ये २४ मिळवा, एका मीटरवर १२१ झाले. मागची रांग सोळा मीटरवर आहे, म्हणजे अंतर चारदा दुप्पट झालं, २४ वजा करा. तिथे ९७ उरले, आणि गाण्याला तेवढे भरपूर. २५० ऐवजी ५०० वॅटचा घेतला असता तर तिथे फक्त ३ डीबी वाढले असते, किंमत आणि वजन मात्र बरंच वाढलं असतं.

घरच्या रियाजासाठीही हाच हिशेब लावा. एका वॅटला ९७ डीबी देणारा स्पीकर दहा बाय बाराच्या खोलीत एका वॅटवरच कानठळ्या बसवतो. घरी आठ किंवा दहा इंची स्पीकरचा पाच-दहा वॅटचा अ‍ॅम्प पुरतो, आणि तोही आपण पूर्ण उघडणार नाहीच. छोट्या हॉलला बारा इंची एक स्पीकर आणि २०-३० वॅटचा अ‍ॅम्प घ्या. त्याच्यापुढे माइक लावून आवाज पीएमध्ये द्यायचा. मैदानावरही तोच अ‍ॅम्प चालतो, कारण लोकांपर्यंत पोचवण्याचं काम पीएचं आहे. स्टेजवर गिटारचा डोंगर रचायची गरज नाही.

आता वॅट. अ‍ॅम्पपेक्षा स्पीकरचे वॅट जास्त ठेवा. ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) असेल तर साधारण दीडपट ते दुप्पट, कारण ३० वॅट लिहिलेला ट्यूब अ‍ॅम्प पूर्ण उघडला आणि ताणला की ३० पेक्षा जास्त देतो. पीएच्या डब्यावर कंटिन्यूअस (सतत सोसेल तेवढी ताकद), प्रोग्रॅम आणि पीक असे तीन आकडे असतात. प्रोग्रॅम बहुतेकदा कंटिन्यूअसच्या दुप्पट आणि पीक चौपट. दुकानदार पीकचा सांगतो, तुम्ही कंटिन्यूअसचा विचारा. पीएमपीओ (जाहिरातीसाठी फुगवलेले वॅट) लिहिलेलं दिसलं तर तो आकडा न वाचता पुढे जा.

पायरी तिसरी: ओमचा हिशेब चुकवू नका

स्पीकर ४, ८ किंवा १६ ओमचे मिळतात (ओम म्हणजे करंटला होणारा रोध). आवाजाच्या दर्जाशी याचा जवळपास संबंध नाही, पण अ‍ॅम्पच्या आयुष्याशी आहे. समांतर, म्हणजे पॅरललमध्ये जोडले तर ८ आणि ८ मिळून ४ होतात. एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले तर १६. अ‍ॅम्पच्या मागे दोन स्पीकर आउटपुट असतील तर ती बहुतेकदा आतून पॅरलल असतात, हे लक्षात ठेवा.

ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला ‘किमान ४ ओम’ लिहिलं असेल तर ८ किंवा १६ चालतो, फक्त आवाज कमी येतो. २ ओम लावलात तर करंट वाढून आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. ट्यूब अ‍ॅम्पचं गणित वेगळं. त्याला आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि मागच्या खाचेत जेवढे ओम लिहिलेत तेवढाच स्पीकर लावायचा. स्पीकर न लावता ट्यूब अ‍ॅम्प कधीही वाजवू नका. लोड नसताना ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज इतकं चढतं की आतलं इन्सुलेशन फुटतं. मुंबईत हा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून मिळतो, पण खर्च ऐकून बसायला होतं.

एका बॉक्समध्ये दोन वेगळे स्पीकर लावायचे असतील तर ओम सारखे घ्या. वॅट वेगळे असले तर दोघांची एकूण क्षमता म्हणजे छोट्याच्या दुप्पट. २५ वॅटचा आणि ७५ वॅटचा मिळून शंभर होत नाहीत, पन्नासच होतात. सेन्सिटिव्हिटीत तीनेक डीबीचा फरक असेल तर मोठा वाजणारा दुसऱ्याला झाकून टाकतो, मग दोन रंग मिसळण्याचा हेतूच राहत नाही.

मंडळांच्या आहुजासारख्या सिस्टीममध्ये भोंगे आणि कॉलम असतात, ते बहुतेकदा १०० व्होल्ट लाइनवर चालतात आणि प्रत्येकाच्या पाठीमागे छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तिथे ओम मोजत नाहीत, सगळ्या भोंग्यांच्या टॅपचे (त्या ट्रान्सफॉर्मरवर निवडलेले) वॅट मिळवून ते अ‍ॅम्पच्या वॅटपेक्षा कमी ठेवतात. अशा लाइनला आपला ८ ओमचा बॉक्स थेट जोडू नका.

वायर

दोन वर्षांपूर्वी परळमध्ये एका मंडळाचा कार्यक्रम होता. हेड (स्पीकर नसलेला सुटा अ‍ॅम्प) आणि बॉक्स जोडायची स्पीकर वायर मी घरी विसरलो. बॅगेत गिटारची चांगली, महागडी केबल होती, दोन्ही टोकांना तोच जॅक. लावली. तिसऱ्या गाण्याला गिटार बारीक व्हायला लागली. मी नॉब वाढवला. मग कट्‌ आवाज आला आणि सगळं बंद. केबलला हात लावला तर जॅकजवळ ती गरम आणि मऊ झाली होती. आतलं इन्सुलेशन वितळून शॉर्ट झालं आणि हेडचे आउटपुट ट्रान्झिस्टर गेले. उरलेला कार्यक्रम मी मिक्सरमधून काढला, पण गायकाला हवी ती गिटार त्याला मिळाली नाही. चूक पूर्ण माझी होती, आणि तेव्हापासून स्पीकर वायर बॉक्सच्या आतच, पट्ट्याने बांधलेली असते.

गिटार केबलमधली तार जेमतेम पाव चौरस मिलिमीटरची असते आणि भोवती जाळी. ती मिलिव्होल्टसाठी आहे, अँपिअरसाठी नाही. हेडपासून बॉक्सपर्यंत एक-दोन मीटरला १.५ चौरस मिलिमीटरची दोन तारांची वायर उत्तम. लांब पल्ल्याला २.५ घ्या. वीस मीटरवर १.५ ची वायर टाकली तर जाऊन-येऊन तांब्याचा रोध अर्ध्या ओमच्या जवळ जातो. बॉक्स ४ ओमचा असेल तर ताकदीचा दहावा हिस्सा वायरमध्येच गरम होण्यात जातो. शक्य असेल तिथे स्पीकॉन कनेक्टर लावा. ते फिरवून अडकतं, ओढलं तरी निघत नाही, आणि चुकून गिटार केबल त्यात जातच नाही.

पायरी चौथी: मॅग्नेट, पाठ आणि वजन

मॅग्नेट तीन प्रकारचे. अल्निको महाग. वाजवणारे त्याला ‘मऊ’ म्हणतात, कारण जोरात वाजवलं की आवाजाचं टोक बोथट होतं. सिरॅमिक किंवा फेराइट सगळीकडे असतो, जड आणि भरवशाचा. निओडिमियम हलका. व्हिन्टेज ३० चं वजन ४.७ किलो भरतं, तर सेलेस्टियनचाच निओ क्रीमबॅक १.९ किलोचा आहे. दोन स्पीकरच्या बॉक्समध्ये हा फरक साडेपाच किलोवर जातो. ज्याची स्वतःची गाडी आहे त्याला हे वाचून काही वाटणार नाही. पण संध्याकाळी साडेसहाला दादरला बॉक्स घेऊन लोकलच्या मालडब्यात चढणाऱ्याला आवाजातल्या बारीक फरकापेक्षा हे साडेपाच किलो मोठे आहेत, आणि असा विचार करण्यात काहीच गैर नाही.

बॉक्सची पाठ उघडी असेल तर आवाज मोकळा पसरतो आणि खालचा भाग सैल येतो. पाठ बंद असेल तर खालचा ठोका घट्ट आणि दिशा पुढेच. उघड्या पाठीचा बॉक्स भिंतीला चिकटवून ठेवला की त्याचा अर्धा आवाज गुदमरतो, वीतभर तरी पुढे घ्या.

पायरी पाचवी: दोन स्पीकरची खरी तुलना

इथे घाई करू नका, पैसे इथेच वाचतात.

माणसाच्या कानाला मोठा आवाज चांगला वाटतो. १०० डीबीचा स्पीकर ९७ वाल्याशेजारी वाजवला की तो जिंकणारच. म्हणून आधी दोन्हींचा आवाज सारखा करा. फोनवर आवाज मोजणारं अ‍ॅप घ्या. फोन बॉक्ससमोर एक मीटरवर, एकाच जागी, पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवा. एकच सूर वाजवून दोन्हींना अ‍ॅम्पच्या नॉबने त्याच आकड्यावर आणा. फोनचा आकडा अचूक नसला तरी चालतो, दोघांना तोच फोन लावला की झालं.

मग तीच गिटार, तोच पिकअप, टोनचे नॉब मध्यावर. आवडीच्या गाण्याचा सोलो वाजवू नका, त्यात बोटं सगळं झाकतात. मी चार गोष्टी वाजवतो: खालच्या तारेवर थांबत थांबत ठोके, उघडे कॉर्ड, वरच्या तारांवर हळू मींड, आणि शेवटी थोडं डिस्टॉर्शन लावून पहिल्या दोन गोष्टी पुन्हा. ठोक्यात स्पीकर किती घट्ट आहे ते कळतं. उघड्या कॉर्डमध्ये सहाही तारा सुट्या ऐकू येतात का ते पाहा. मींडेत एखादा सूर मध्येच उडी मारून मोठा येत असेल तर त्या पट्टीत स्पीकरला शिखर आहे, आणि तो पुढे टोचणार.

ऐकताना समोर कान लावून बसू नका. बारा इंची स्पीकर वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे फेकतो. समोर तिखट, बाजूला बोथट. तुम्ही उभे राहून वाजवता तेव्हा तो झोत तुमच्या पोटऱ्यांवर पडतो, म्हणून तुम्ही ट्रेबल वाढवता, आणि पहिल्या रांगेतल्या माणसाचे कान सोलले जातात. एकदा समोर, एकदा तिरकस आणि एकदा खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ऐका. स्टेजवरही अ‍ॅम्प खुर्चीवर किंवा तिरका ठेवून तोंड स्वतःच्या कानाकडे करा. हा बदल फुकट आहे आणि नवीन स्पीकरइतका फरक पाडतो.

जमलं तर मित्राला स्पीकर बदलायला लावा आणि स्वतः पाठ करून ऐका. नाव माहीत नसलं की कान खरं बोलतो. माइकवरचा आवाज हवा असेल तर शूअरच्या एसएम५७ सारखा डायनॅमिक माइक कोनपासून दोन बोटांवर ठेवा आणि जमिनीवर त्याची जागा खडूने आखा. कोनच्या मधोमध असलेल्या टोपीसमोर आवाज धारदार येतो, कडेकडे सरकवत नेला तर गोल आणि गडद. इंचभर सरकला तरी रंग बदलतो, म्हणून आखल्याशिवाय केलेली तुलना फुकट जाते. नवा कोरा स्पीकर काही तास वाजल्यावर थोडा सैल होतो, तेव्हा नव्याला जुन्याशी भिडवताना हेही ध्यानात धरा.

पायरी सहावी: जुना स्पीकर घेताना

लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, ग्रँट रोड स्टेशनातून उतरून चालत जाता येतं. तिथे आणि चोर बाजारात जुने स्पीकर मिळतात, आणि काही खरोखर सुंदर असतात. जाताना खिशात मल्टिमीटर आणि दीड व्होल्टचा सेल ठेवा.

मल्टिमीटर ओमवर ठेवून टर्मिनलला लावा. ८ ओमचा स्पीकर ६ ते ७ दाखवेल, १६ चा ११ ते १३, ४ चा ३ ते ३.५. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलेली. एक-दीड दाखवलं तर कॉइल आतून शॉर्ट. लेबल ८ ओमचं आणि मीटरवर १२ आले तर कोन कधीतरी बदललाय, विक्रेत्याला विचारा.

दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून अगदी हलकेच, सारखं आत दाबा. कान जवळ न्या. रेशमासारखी शांत हालचाल हवी. सँडपेपरसारखा खरखर आवाज आला तर कॉइल मॅग्नेटला घासतेय. मग उजेडासमोर धरून मागून बघा, कोनला भोक किंवा चीर असेल तर उजेड दिसतो. कडेची घडी बोटाने चाचपा. फोमची असेल आणि बोटाला भुगा लागला तर ती संपली.

सेलची धन बाजू लाल टर्मिनलला क्षणभर लावा, कोन पुढे आला पाहिजे. जेबीएलच्या जुन्या स्पीकरमध्ये तो उलटा, आत जातो, तो दोष नाही. हॉर्नच्या ड्रायव्हरला आणि ट्वीटरला (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरला) सेल लावू नका.

शक्य असेल तर अ‍ॅम्पला जोडून फोनवरून साइन सूर (एकच शुद्ध सूर) ६० ते ५,००० हर्ट्झपर्यंत हळूहळू, कमी आवाजात चढवा. चांगला स्पीकर गुळगुळीत वर जातो. एखाद्या जागी घरघर आली तर तिथेच थांबून कोनवर, टोपीवर आणि वायरवर बोट ठेवा. कुठे बोट ठेवल्यावर घरघर थांबते ते कळलं की दोष सापडला. कधीकधी तो बॉक्सचा सैल स्क्रू निघतो.

पायरी सातवी: कार्यक्रमाच्या दिवशी

टॉप स्टँडवर, लोकांच्या डोक्यांच्या वर. स्टँडचा दांडा ३५ मिलिमीटरचा असतो आणि बहुतेक टॉपच्या तळाला तेवढंच भोक असतं. माइक नेहमी टॉपच्या मागे. मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) कुठे ठेवायचा हे माइकवर ठरतं: कार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) सरळ पाठीमागून बहिरा असतो, म्हणून मॉनिटर त्याच्या शेपटीच्या रेषेत. सुपरकार्डिऑइड तिरकस मागे, साधारण १२५ अंशांवर बहिरा असतो, तेव्हा मॉनिटर बाजूला सरकवा. स्पीकरच्या शिट्टीचं (फीडबॅकचं) निम्मं मूळ इथेच सापडतं.

चालू करताना मिक्सर आधी आणि पॉवर अ‍ॅम्प किंवा पॉवर्ड स्पीकर (आतच अ‍ॅम्प असलेला) शेवटी. बंद करताना उलट. नाहीतर जो धप्प आवाज येतो तो थेट हॉर्नच्या डायफ्रामवर बसतो. अर्थिंगची पिन कधी काढू नका. ‘हम’ (स्पीकरची घूं-घूं) जाते म्हणून काढतात, पण माइकला ओठ लावणाऱ्या गायकाच्या जिवाशी तो खेळ आहे.

अ‍ॅम्पचा लाल दिवा सतत पेटत असेल तर खाली या. छोटा अ‍ॅम्प ताणून वाजवला तरी ट्वीटर जळतो, हे अनेकांना पटत नाही. लाट वरून कापली गेली की तिच्यात वरचे हार्मॉनिक भरतात, सरासरी ताकदही वाढते, आणि ते सगळं हॉर्नकडे जातं.

कायदा ठाऊक हवा. ध्वनी प्रदूषण नियम २००० नुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. ठरावीक दिवशी सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षाला १५ दिवसांपेक्षा जास्त नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत सरकारने जाहीर केलेलं शांतता क्षेत्र असतं. लेखी परवानगी मंडळाने घेतली आहे का, हे आदल्या दिवशी विचारा. टॉप मैदानाच्या आत, किंचित खाली वाकवून ठेवले तर लोकांना पूर्ण ऐकू येतं आणि समोरच्या इमारतीतल्या आजारी माणसाला झोप लागते.

आपल्या कानांसाठीही एक आकडा: ८५ डीबीला आठ तास सुरक्षित धरतात आणि दर ३ डीबीला वेळ निम्मा होतो. १०० डीबीला उरतात पंधरा मिनिटं. तालमीला कानात बोळे घाला.

मुंबईची हवा

आपल्या शहरात स्पीकर वाजवून जितके जातात तितकेच न वाजवता जातात. कोन कागदाचा असतो. जुलैत तो ओल पितो, जड होतो, त्यावर बुरशी धरते. मॅग्नेटच्या फटीतलं लोखंड खाऱ्या हवेने गंजतं, आणि गंज फुगून कॉइलला घासतो. ती फट केसा-दोन केसांएवढीच असते.

बॉक्स जमिनीवर ठेवू नका, खाली पाट किंवा लाकडी फळी द्या. बाहेरच्या भिंतीपासून लांब. वर कापडी झाकण घाला, प्लास्टिक नको, त्यात घाम धरतो. उघड्या पाठीच्या बॉक्समध्ये सिलिका जेलची कापडी पुरचुंडी लटकवा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करा, खिडकी उघडी ठेवून. पावसाळ्यात मी आठवड्यातून एकदा वीस मिनिटं तरी वाजवतो, कॉइलच्या ऊबेने आतली ओल निघते. कोनवर ओलं फडकं किंवा काच पुसायचा स्प्रे लावू नका, रंगाचा मऊ कोरडा ब्रश पुरे. मे महिन्यात टेम्पोत उन्हात बॉक्स तासन्‌तास ठेवला तर आतला गोंद सुटतो. पाणी शिरलेला पॉवर्ड स्पीकर ‘बघू चालतोय का’ म्हणून चालू करू नका, आधी उघडून पूर्ण वाळवा.

कोनला मधोमध छोटी चीर असेल तर टिश्यू पेपर आणि पाणी मिसळलेला पांढरा फेव्हिकॉल, पुढून एक थर, मागून एक. कडेच्या घडीजवळ मात्र फेव्हिकॉल कडक होऊन पुन्हा फाटतो, तिथे रबरी गोंदच हवा.

कोन बदलायची वेळ आली तर

रिकोनिंग करणारा चांगला कारागीर कसा ओळखायचा, हे मी एका गाळ्यात उभं राहून शिकलो. त्याने थिनरने जुना गोंद मऊ केला, कोन उपटून काढला आणि आधी कॉइल माझ्यासमोर धरली. ‘बघा, सगळीकडे सारखी काळी. जास्त ताकद दिलीत.’ खालची कड चेपलेली असती तर बेसचे धक्के, आणि एकाच बाजूला ओरखडे असते तर गंज किंवा वाकलेली फ्रेम. कॉइल न दाखवता नवा कोन चिकटवणाऱ्याकडे तुमचा स्पीकर पुन्हा जळणार, कारण मूळ बिघाड कळलेलाच नाही.

मग त्याने चिकटपट्टी उलटी दुमडून मॅग्नेटच्या फटीत फिरवली. बाहेर आली तेव्हा तिच्यावर लोखंडाची काळी मिशी होती. पट्टी स्वच्छ निघेपर्यंत सात-आठ वेळा त्याने हेच केलं. नवी कॉइल फटीत उतरवून भोवती जुन्या एक्स-रे फिल्मच्या पातळ पट्ट्या खोचल्या, म्हणजे ती चारी बाजूंनी सारख्या अंतरावर उभी राहते. तशीच रात्रभर गोंद वाळू दिला. दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या, बोटांनी कोन दाबून ऐकला, आणि सर्वात शेवटी मधली टोपी चिकटवली. ‘दोन तासांत देतो’ म्हणणाऱ्याने यातली कोणती पायरी गाळली, हे आता तुम्हाला विचारता येईल.

नवा कोन मूळ कंपनीचा नसेल तर रंग बदलणार, हे धरून चाला. जोडीतला एकच बदलायचा असेल तर दोन्ही बदला, नाहीतर ते कधी जुळत नाहीत. स्पीकर घरी आणल्यावर ओम मोजा, साइन सूर खालून वर एकदा चढवा, पहिले दोन-तीन तास मध्यम आवाजात वाजवा. आणि बॉक्सची पाठ लावण्याआधी मॅग्नेटवर मार्करने तारीख, ओम आणि कोनचा प्रकार लिहून ठेवा.